सौद्यानंतरचा हिशेब

मालाचा भाव ठरला, विकणाऱ्याने माल दिला, घेणाऱ्याने पैसे मोजले, पट्टी फाडून हातात ठेवली. यानंतर त्या दोघांचे एकमेकांशी काही देणे उरते काय? व्यवहारी मनुष्य म्हणेल, काहीच नाही, हिशेब मिटला. कायदाही बहुधा तेच म्हणेल. परंतु मनुष्याची सदसद्विवेकबुद्धी कायद्याहून पुष्कळ जुनी आहे आणि तिला हे उत्तर कधीच पुरते पटलेले नाही. शेजाऱ्याच्या घरी आजारपण आले असता त्याची दुभती गाय निम्म्या किमतीत घेणारा मनुष्य कोणताही कायदा मोडीत नाही. शेजारी राजी होता, भाव दोघांना मान्य होता, पैसे रोख दिले. तरीही गाव त्याला नावे ठेवते, आणि आमच्या मते गावाचे बरोबर असते.

एका व्यक्तीच्या बाबतीत हा निवाडा करणे सोपे. परंतु घेणारा एक मनुष्य नसून अवघे शहर असते आणि विकणारी त्या शहराभोवतीची शेकडो गावे असतात, तेव्हा नावे कोणाला ठेवायची? शहर म्हणजे कोण? आडते, गिरणीवाले, हमाल, शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, की बाजारातून पावकिलो डाळ घरी नेणारी गृहिणी? प्रत्येकजण म्हणू शकतो, की मी माझ्यापुरता प्रामाणिक आहे. आणि ते खरेही असू शकते. प्रामाणिक माणसांनी भरलेल्या शहराकडूनही भोवतालच्या शिवाराचे काही देणे थकू शकते काय, हा या लेखाचा विषय आहे. तो हवेत राहू नये म्हणून आम्ही तो एका खऱ्या शहरात उतरवितो. ते शहर लातूर.

मुंबई किंवा पुणे यांचे पोट कोणत्या एका शिवारावर चालते असे म्हणता येत नाही; त्यांचे धागे जगभर गेलेले आहेत. लातूरचे तसे नाही. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती पावणेचार लाखांहून थोडी अधिक होती. त्याच वर्षी तेथे महानगरपालिका आली. चहूकडे काळी जमीन. तीत सोयाबीन, तूर, हरभरा, आणि मांजरेच्या खोऱ्यात ऊस. १९८२ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर शहर झपाट्याने वाढले खरे, पण त्याच्या वाढीचा प्रत्येक रुपया माग काढीत गेल्यास अखेर कोणत्या ना कोणत्या बांधावर जाऊन पोचतो. मोठ्या उद्योगाचे म्हणावे असे काही अलीकडेच आले: रेल्वेडब्यांचा कारखाना, ज्याची पायाभरणी २०१८ साली झाली. एरवी हे शहर शेतीवर जगते, आणि ते लपवीतही नाही.

शहराच्या मध्यभागी गंजगोलाई आहे. १९१७ च्या सुमाराची ही रचना. नगररचनाकार फय्याजुद्दीन यांच्या आराखड्याप्रमाणे आखलेली. मधोमध गोलाकार इमारत, तिच्या पोटात देवीचे मंदिर आणि भोवती सोळा रस्ते. एका रस्त्यावर सोने, एकावर पादत्राणे, कोठे मिरची, कोठे गूळ. निजामाच्या राजवटीत बांधलेला हा बाजार पाहिला म्हणजे शहराच्या जन्माचे कारण निराळे सांगावे लागत नाही: सोळा दिशांनी माल आत यावा, एका ठिकाणी त्याची किंमत व्हावी आणि पैसा पुन्हा त्याच रस्त्यांनी फिरावा. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी कुर्डुवाडीकडून लातुरास पोचली आणि इथला माल बाहेरच्या पेठांना जोडला गेला. हीच लोहवाट पुढे १९२७ पर्यंत दुसऱ्या टोकाने मिरजेपर्यंत नेली गेली. मिरजेचे हे टोक वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता बाजाराकडे वळू. ऑक्टोबर महिन्यात पहाटेपासून टेम्पो, ट्रॅक्टर, क्वचित बैलगाडीही मार्केट यार्डात शिरते. आडत्याच्या दुकानापुढे माल उतरतो. तेलगिरण्यांचे व डाळगिरण्यांचे खरेदीदार फिरत येतात. ओंजळीत दाणे घेऊन वाऱ्याकडे धरतात, एखादा दाणा दाताखाली फोडून ओलावा अजमावितात. नमुन्यावर सौदा होतो, मापाडी वजन करतो, हमाल पोती शिवून थप्पीला लावतो. हिशेबपट्टीवर ठरलेल्या कपाती लिहिल्या जातात. पोत्यामागे काही वजन ‘कडता’ म्हणून सोडून द्यावयाची रीत अनेक पेठांत होती आणि तिच्याविरुद्ध शेतकऱ्यांनी वेळोवेळी आवाज उठविला. काटे इलेक्ट्रॉनिक झाल्यापासून वजनाची तक्रार पुष्कळ कमी झाली आहे. खोट्या वजनाचे पाप ओळखण्यास तत्त्वज्ञान लागत नाही, म्हणून ते आम्ही येथेच सोडतो. आमचा प्रश्न खऱ्या वजनाचा आहे. काटा बिनचूक, बोली उघड्यावर, पैसे वेळेवर. आणि तरीही भावात काही खोट असू शकते काय?

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खरेदी-विक्रीतील न्यायाचा विचार करताना एक बारीक भेद केला आहे. वस्तू देताना विकणाऱ्याचे खरोखर नुकसान होत असेल, तर त्याने त्या नुकसानीपोटी अधिक मागणे योग्य. परंतु विकणाऱ्याचे काही बिघडत नसता केवळ घेणारा अडला आहे म्हणून त्याने किंमत वाढविली, तर तो जी गोष्ट त्याची नाहीच ती विकतो. अडचण घेणाऱ्याची आहे; तिची किंमत विकणाऱ्याने लावायची नाही. हा विचार उलट बाजूनेही तितकाच लागू पडतो. अडलेला विकणारा असेल, तर त्याच्या अडण्याचा नफा घेणाऱ्याच्या खिशात जाणे न्याय्य कसे ठरावे?

शेतकरी ऑक्टोबरात अडलेला असतो. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत हाती येते आणि सगळ्यांचे एकदम येते. कृषी सेवा केंद्राची उधारी उभी असते. हरभऱ्याचे बियाणे घ्यावयाचे असते. मळणीयंत्राचे भाडे, मजुरी, वर दिवाळी. घरात वीस-तीस पोती रचण्याइतकी कोरडी जागा नसते. पाऊस लांबला तर दाण्यात ओल राहते आणि ओलीचा दर तुटतो. सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा बारा टक्के होती. २०२४ च्या नोव्हेंबरात ती ओरड झाल्यावर पंधरा टक्क्यांपर्यंत शिथिल केली गेली, पण तोपर्यंत पुष्कळांनी माल देऊन टाकला होता. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारात दर त्याच्या बऱ्याच खाली रेंगाळत होते.

एक साधा हिशेब घालून पाहू. पाच एकरांचा कास्तकार, एकरी सहा क्विंटल उतारा. एकूण तीस क्विंटल. बाजारात ४,२०० चा दर लागला असे धरू. हाती येतात १ लाख २६ हजार, तेही बियाणे, खत, फवारणी, काढणी यांचा खर्च वजा न करता. हमीभावाने हाच माल १ लाख ४६ हजार ७६० चा झाला असता. फरक २० हजार ७६० रुपयांचा. एवढी रक्कम कोणी चोरली नाही. कोणी खोटे बोलले नाही. बोली चार लोकांदेखत झाली आणि शेतकऱ्याने मान हलविली. परंतु त्याने मान हलविली ती भाव पटला म्हणून, की माल परत गावी नेण्याचे भाडे खिशात नव्हते म्हणून? संमती आणि निरुपाय यांचा चेहरा बाहेरून एकसारखा दिसतो. नीतीचा विचार करणाऱ्याने निदान या दोहोंत गल्लत करू नये.

याचे खापर आडत्यावर फोडून मोकळे होण्याची एक सोपी वाट आहे आणि आपल्या कथा-कादंबऱ्यांनी ती भरपूर तुडविली आहे. आम्हांस ती मान्य नाही. आडत्या हा पुष्कळदा स्वतः शेतकऱ्याचा मुलगा असतो. बँकेच्या दारात ज्याला कोणी उभे करीत नाही, त्याला मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला उचल देणारा तोच असतो. काही उचल बुडते, तीही तो सोसतो. गिरणीवाल्याचे पैसे महिनाभर अडकले, तरी शेतकऱ्याला त्याने तातडीने चुकते करावे अशी बाजाराची अपेक्षा असते. गिरणीवाल्यालाही मोकळीक कोठे आहे? तेलाचा दर मलेशिया व इंडोनेशियातून येणाऱ्या पामतेलावर हलतो, पेंडीचा दर ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या पिकावर. लातूरच्या यार्डात जी बोली लागते तिचा अर्धा भाग समुद्रापलीकडे ठरून आलेला असतो. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या वर गेले आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी पेंड परदेशातून आणू देण्याचा निर्णय झाल्यावर काही आठवड्यांत उतरले. यात लातूरच्या कोणत्या माणसाला दोषी धरावे?

आणि येथे आपला, म्हणजे लातुरापासून शेकडो किलोमीटर दूर बसून ही ओळ वाचणाऱ्यांचाही संबंध येतो. तुरीची गोष्ट आठवून पाहावी. लागोपाठ दोन वर्षे पाऊस चुकला आणि २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. घराघरांत ओरड झाली, मोर्चे निघाले, वर्तमानपत्रांनी व्यंगचित्रे छापली. सरकारने साठ्यावर मर्यादा आणली, परदेशांतून तूर मागविली, २०१६ मध्ये मोझांबिकशी खरेदीचा करार केला. शेतकऱ्यांनाही आवाहन झाले की तूर पेरा. त्यांनी पेरली, २०१६ चा पाऊसही बरा झाला. मग २०१७ च्या आरंभी मराठवाड्यातील बाजारांत तुरीचा पूर आला. बोनस धरून हमीभाव ५,०५० रुपये होता. बाजार त्याच्या खाली घसरला. डाळीच्या निर्यातीवर २००६ पासून बंदी होती, ती त्या वर्षीच्या सप्टेंबरात उठली, म्हणजे शेतकऱ्याने माल विकून टाकल्यावर. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला. माणसे आपल्या पोत्यांशेजारी रात्रंदिवस बसून राहिली.

२०१५ साली डाळ महागली तेव्हा आपण सर्वांनी ते जाणले. २०१७ साली ती स्वस्त झाली, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी ताटातल्या वरणाकडे पाहून विचार केला, की हे कोणाच्या जिवावर? महागाई ही बातमी असते. स्वस्ताई हा आपला हक्क असतो. शहराची अर्थव्यवस्था या एका समजुतीवर पुष्कळशी उभी आहे. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ साली ‘मातेर एत मजिस्त्रा’ या आपल्या परिपत्रकात शेतीला मागे पडलेले क्षेत्र म्हणून निराळे स्थान दिले होते आणि शेतमालाच्या किमतींचा प्रश्न न्यायाचा प्रश्न म्हणून मांडला होता. आपल्याकडे त्या परिपत्रकातील कामगारविषयक भाग वाचला गेला. शेतीचा भाग, का कोण जाणे, फारसा कोणी काढून वाचीत नाही.

परंतु लातूरचे खरे कोडे धान्याच्या बाजारात नाही. ते तेथून जरा पुढे, खाजगी शिकवण्यांच्या गल्ल्यांत आहे.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात शिक्षकांनी मुलांकडून कसून तयारी करवून घेण्याची एक पद्धत बसविली. जादा तास, वारंवार चाचण्या, उत्तरपत्रिकांची बारीक तपासणी. बारावीच्या गुणवत्ता यादीत खेड्यांतली मुले झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर झाला. मागासलेला म्हणून हिणविला गेलेला एक प्रदेश पुण्या-मुंबईच्या बरोबरीने उभा राहू शकतो, हे त्या शिक्षकांनी सिद्ध केले. त्याचे मोल कमी लेखणारे आम्ही नव्हे. पुढे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशासाठी निराळ्या परीक्षा आल्या. जे वर्गात होत असे ते वर्गाबाहेर गेले आणि त्याचा धंदा झाला. आज अकरावी-बारावीला, आणि ‘नीट’ची परीक्षा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा देण्यासाठी, हजारो मुले या शहरात येऊन राहतात. त्यांच्यावर वसतिगृहे चालतात, खानावळी चालतात, अभ्यासिका, पुस्तकांची दुकाने, झेरॉक्स, सायकली, डबेवाल्या बायका. कित्येक घरांचे वरचे मजले केवळ या मुलांच्या भाड्याकडे पाहून चढले. काही ठिकाणी आई गावचे घर बंद करून मुलासाठी दोन वर्षे खोली घेऊन राहते. बाप एकटा शेत पाहतो आणि एसटीने धान्याचे गाठोडे पाठवितो.

म्हणजे या शहरात दोन पिके येतात. एक ऑक्टोबरात पोत्यांतून येते, दुसरे जूनमध्ये पत्र्याच्या पेट्या घेऊन येते. आणि पहिल्या पिकाचा पैसा दुसऱ्या पिकात जिरतो. मघाच्या हिशेबातील पाच एकरवाल्याकडे पुन्हा पाहावे. शिकवणीचे शुल्क, खोली, खानावळ मिळून होणारा वर्षाचा खर्च त्याच्या सबंध खरिपाला गिळून वर उरतो. ते २० हजार ७६० रुपये त्याला मिळाले असते तर मुलाच्या खोलीभाड्याचा बराच भाग निघाला असता. न मिळाल्यामुळे तो ते कर्जाने काढतो. सकाळी ज्या शहराने त्याच्या मालाला कमी भाव दिला, त्याच शहराला तो संध्याकाळी मुलाचे शुल्क भरतो. आणि शुल्काच्या बाबतीत बोली लागत नाही.

येथे नीतीचा प्रश्न आम्हांस सर्वांत अवघड वाटतो. शेतकरी हा पैसा कशासाठी देतो? मुलाने शेती करू नये म्हणून. शहराचा हा मोठा धंदा शेतकऱ्याच्या शेतीतून सुटण्याच्या इच्छेवर चालतो. आणि ती इच्छा जितकी तीव्र, तितका धंदा तेजीत. धान्याला भाव नसलेली वर्षे शिकवण्यांना मंदीची जातात असे दिसत नाही. बाप उलट अधिक निकराने म्हणतो, की पोराला तरी यातून काढू. असे असेल तर त्या शहराला शेती सुखी व्हावी असे मनापासून का वाटावे? आम्ही कोणावर दुष्ट हेतूचा आरोप करीत नाही. शिकविणारे मन लावून शिकवितात, मुलेही डॉक्टर होतात, आणि त्यांपैकी काही लातुरातच दवाखाने काढून त्याच गावकऱ्यांना तपासतात. एका पिढीत दारिद्र्यातून वर आलेली कुटुंबे आम्ही जाणतो. त्यांच्या आनंदाला नाके मुरडण्याचा अधिकार कोणाला आहे? आपल्या वसईकडेही वाडीत राबून, केळी आणि फुले विकून ज्या पिढीने मुलांना मुंबईच्या कचेऱ्यांत धाडले, त्या पिढीला मुलाने पुन्हा वाडीत यावे असे वाटत होते काय? आणि ती मुले परतली नाहीत म्हणून वाड्यांचे पुढे काय झाले, हे येथे सांगत बसण्याची गरज नाही.

तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. शंभर मुले येतात तेव्हा वैद्यकीय प्रवेश मिळतो तो थोड्यांना. ज्यांना मिळतो त्यांची छायाचित्रे चौकाचौकांतील फलकांवर लागतात. उरलेल्यांचे फलक नसतात. धान्याच्या बाजारात माल नापसंत झाला तर शेतकरी तो परत नेऊ शकतो. मुलाची दोन वर्षे आणि बापाचे कर्ज परत नेता येत नाही. २०२४ साली ‘नीट’च्या गैरव्यवहाराचा तपास देशभर पसरला, त्याचा एक धागा लातुरापर्यंत आला आणि शिक्षकांना अटक झाली, तेव्हा पुष्कळांनी हळहळून म्हटले की शहराचे नाव गेले. नावाची हळहळ समजू शकते. पण ज्या बापाने एक एकर गहाण ठेवून सरळ मार्गाने मुलाला परीक्षेस बसविले, त्याचे जे गेले ते नावाहून ठोस होते, आणि त्याच्याविषयी फार थोडे बोलले गेले.

शहराने शिवाराचे देणे लागते, हे म्हणणे कोणाला भावुकपणाचे वाटेल. सौद्यापलीकडे नाते नसतेच, असा त्यांचा दावा असेल तर त्यांनी २०१६ चा उन्हाळा आठवावा. शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. पाण्यावरून दंगा होईल अशी भीती होती. आणि ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याची आगगाडी निघाली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणी, प्रत्येक खेपेस पंचवीस लाख लिटर. वाट तीच, पंढरपूर-कुर्डुवाडीवरून लातूर, सुमारे साडेतीनशे किलोमीटर. केवळ रूळ आता रुंद झाले होते. एके काळी शिवाराचा माल शहरातून बाहेर नेण्यासाठी घातलेल्या लोहवाटेने कृष्णाकाठचे पाणी शहरात येत होते.

मिरजकरांनी लातूरकरांशी कोणता सौदा केला होता? कोणताच नाही. मे महिन्यात रेल्वेकडून सुमारे चार कोटी रुपयांचे देयक लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचले, तेव्हा देशभर केवढा गहजब झाला! देयक जिल्हा प्रशासनाने विचारले म्हणून पाठविले, असा खुलासा रेल्वेला करावा लागला. वास्तविक वाहतुकीचा खर्च मागणे हा शुद्ध व्यवहार. तरी सामान्य माणसाला तो बोचला. तहानलेल्याच्या अडचणीला बाजारभाव लावायचा नसतो, हे त्याला अक्वायनस न वाचता ठाऊक होते. १९९३ सालीही हेच दिसले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली, हजारो माणसे झोपेतच गेली, तेव्हा लातूर शहर मदतीचे एक मुख्य ठाणे झाले. त्या दिवसांत जखमींना उचलून आणणाऱ्यांनी कोणत्या गावाने बाजारात किती माल आणला होता हे पाहिले नाही.

मग प्रश्न असा, की अडचणीची किंमत वसूल करू नये हे जे आपल्याला भूकंपात आणि दुष्काळात कळते, ते दर ऑक्टोबरात का कळू नये? आमच्या मते याचे कारण एवढेच, की भूकंप एकदा होतो आणि ऑक्टोबर दरवर्षी येतो. दरवर्षी येणाऱ्या अडचणीला आपण हंगाम म्हणतो.

पाण्याविषयी आणखी एक गोष्ट ओघात सांगितली पाहिजे. मांजरेचे पाणी आटले ते केवळ आभाळाच्या लहरीने नव्हे. त्याच खोऱ्यात बारमाही पाणी पिणारा ऊस उभा होता आणि त्यावर चालणारे साखर कारखाने होते. शेतकऱ्याने ऊस का लावला? कारण त्याचा भाव ठरलेला असतो आणि कारखाना तो उचलतो. सोयाबीन आणि तुरीला तेवढी शाश्वती असती, तर कोरडवाहू पिके सोडून उसामागे एवढी धाव झाली असती, असे आम्हांस वाटत नाही. बाजाराने कमी दिलेला भाव काही वर्षांनी नळाच्या तोटीतून वसूल होतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरेल. पण तिच्यात अर्धे सत्य आहे.

देणे मान्य केले तर ते फेडायचे कसे? फार मोठ्या योजना सुचविण्याचा आमचा अधिकार नाही. काही गोष्टी मात्र जाग्यावर आहेत. राज्याच्या पणन मंडळाने १९९०-९१ पासून शेतमाल तारण योजना चालविली आहे. शेतकऱ्याने माल बाजार समितीच्या गोदामात ठेवावा, त्या दिवशीच्या किमतीच्या पाऊणपट रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचलावी आणि भाव सुधारल्यावर माल विकावा. आपल्या पाच एकरवाल्याला तीस क्विंटलवर ९४ हजार ५०० रुपये मिळतील. सहा महिन्यांचे व्याज २ हजार ८३५. क्विंटलला शंभर रुपये भाव चढला तरी व्याज भागून जाते. अक्वायनसांनी मांडलेल्या न्यायाचे हे सरळ रोकड रूप आहे: अडचण निवारा, म्हणजे तिचा नफा कोणालाच मिळणार नाही.

पण येथेही मेख आहे. २०२१ च्या चढ्या भावाची आठवण ठेवून अनेकांनी पुढील हंगामांत सोयाबीन घरात राखून ठेवले आणि भाव चढण्याऐवजी उतरले. थांबण्याचा धोका पुन्हा त्याच्याच माथी. ज्याच्याकडे आठ क्विंटल माल आहे त्याला गोदामापर्यंतचे भाडे, प्रतवारी, कागद हे सारे परवडत नाही. तो पहिल्याच दिवशी विकून मोकळा होतो. अशा लहान शेतकऱ्यांचा माल एकत्र करणाऱ्या कंपन्या मराठवाड्यात निघाल्या आहेत, काही चांगल्या चालतात, काही कागदावर आहेत. शहरातील सुशिक्षितांनी, बँकांतून निवृत्त झालेल्यांनी, हिशेब जाणणाऱ्यांनी अशा एखाद्या कंपनीचे दफ्तर आठवड्यातून एक दिवस पाहून दिले, तर तेही देणे फेडणेच होय. असे करणारे लोक आहेत, परंतु थोडे.

आणि एक बारीकशी गोष्ट, जिला सरकार लागत नाही. जून महिन्यात शेतकऱ्याचा हात वर्षातला सर्वांत रिकामा असतो. बियाणे आणि खत याच पंधरवड्यात घ्यावयाचे असते. सोयाबीन ऑक्टोबरात येते आणि तूर जानेवारी-फेब्रुवारीत, हे या शहरातील प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. कापडवाला त्याच बेताने उधारी लिहितो, सोनार त्याच बेताने तगादा लावतो, कृषी सेवा केंद्र तर वही त्याच मोजमापाने आखते. शिकवणीचा मोठा हप्ता तेवढा जूनमध्ये भरावा लागतो.